येताना कळशीभर पाणी आणा

त्या वर्षी पाऊस गणपतीच्या आधीच उठला आणि पुन्हा काही आला नाही. पौषात ठाण्यात दवंडी फिरली. नळ सकाळी एकदाच येईल, आणि नळाचं पाणी बागेला घालताना कोणी आढळलं तर त्याचा नळ तोडण्यात येईल. दवंडीवाला आमच्या कोपरीच्या घराच्या फाटकाशी थांबला तेव्हा माझ्या सासूबाई नेमक्या झारी घेऊन मोगऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी झारी झटकन पदराआड घेतली आणि त्याला विचारलं, "विहिरीचं चालेल ना रे बाबा?"

"चालंल की. हाय का पानी?" तो म्हणाला आणि ढोल वाजवत पुढे गेला.

पाणी होतं, पण खाडी जवळ. विहीर खाली गेली की तिला मचूळ चव येई. नारळांना ते पाणी आवडतं, बाकी कशालाच नाही. पन्नास साल उलटून गेलं होतं, मला लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि त्या बागेची निम्मी कामं माझ्या अंगावर होती. मला कामं मांडून घ्यायची सवय लहानपणापासूनची. त्याच दुपारी मी बागेला एक फेरी मारली आणि काय जगवायचं, काय सोडायचं ते ठरवून टाकलं. अळू सोडायचं. कर्दळ सोडायची. केळी, पेरू, शेवगा, कढीलिंब जगवायचे. आणि मोगरा तर जगवायचाच जगवायचा.

मोगऱ्याचं कारण माझी नणंद. तिचं सासर कल्याणला. लग्नानंतर तिला दिवस गेले होते, पण टिकले नव्हते. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. त्या संक्रांतीला, दवंडीच्या थोडं आधी, आम्ही तिच्याकडे हळदीकुंकवाला गेलो तेव्हा कळलं की पुन्हा दिवस राहिले आहेत. सासूबाईंचा आनंद बघण्यासारखा होता. त्या तिथेच म्हणाल्या, "डोहाळजेवण आमच्याकडे, आणि फुलांची वाडी घरच्या मोगऱ्याची."

नणंदेच्या सासूबाई तिळगूळ वाटत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याकडे प्यायला पाणी नाही असं ऐकलं. कसला मोगरा घेऊन बसलात! फुलं आपण दादरहून आणू. चांगली टपोरी मिळतात."

"टपोरी मिळतात, पण शिळी मिळतात," सासूबाई म्हणाल्या. "वेणी, बाजूबंद, हार, कंबरपट्टा, सगळं घरच्या फुलांचं होईल."

एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती विहिणींची चढाओढ झाली असती. पण निघताना नणंदेने मला दाराआड ओढलं. "वहिनी, मी मनाशी धरलंय. या खेपेला आपला मोगरा फुलला तर माझंही नीट पार पडेल. वेडेपणा आहे, मला कळतं. पण तेवढा मोगरा सांभाळा."

"वन्सं, झाडाला कशाला वेठीला धरता?" मी म्हणाले.

"धरलं खरं," ती म्हणाली.

झालं! मोगरा आता झाड राहिला नाही.

दवंडीच्या दुसऱ्या दिवसापासून मी अंघोळी बागेत हलवल्या. पुरुषमाणसांनी न्हाणीघरात पाणी ओतून ते मोरीत घालवायचं नाही, झाडाच्या आळ्यात फरशी टाकून तिच्यावर उभं राहून अंघोळ करायची. कोणी कुठल्या झाडाशी, हे मी न्हाणीच्या दारावर खडूने लिहून ठेवत असे. बायकांची अंघोळ आत, पण मोरीचं पाणी पन्हळ लावून केळीत सोडलं. तांदळाचं धुवण कढीलिंबाला. भांड्यांचं राखेचं पाणी शेवग्याला.

रोज सकाळी आमच्याकडे मजा असे. पंचा नेसून हे दारावरचं वाचत उभे राहत.

"अगं, आज पुन्हा शेवगा? काल पण शेवगाच होता."

"कालचं पाणी मुळाशी पोचलंच नाही तुमचं. सगळं अंगणात उडवलंत. आज खाली बसून घ्या."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांना पेरू नेमून दिला होता. एका तांब्यात साती नद्यांना बोलावून ते तो हळूहळू डोक्यावर ओतत आणि नद्या पेरूच्या बुंध्यात जात. मला त्यांचं फार कौतुक वाटे, कारण एक थेंब बाहेर जात नसे. एकदा पुण्याहून त्यांचे स्नेही आले. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी विचारलं, "न्हाणीघर कुठे?" मामंजी गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही पाहुणे. तुम्हाला केळ देऊ. सावली आहे."

बाग तगली. माघात पेरू हिरवागार होता आणि केळीला नवा कोंब आला होता. शेजारपाजारच्या बायका कुंपणावरून बघून जात. मी अगदी हवेत होते.

अडचण एकच, आणि ती मुख्य ठिकाणी. मोगऱ्याला यातलं कुठलंच पाणी चालत नव्हतं. झाडाला चाललं असतं, सासूबाईंना चालत नव्हतं. मोगऱ्याची फुलं पहिल्यांदा देवाला जात. ज्या झाडाचं फूल देवाच्या डोक्यावर चढतं त्याला अंघोळीचं, खरकट्याचं, धुण्याचं पाणी घालायचं नाही, हा त्यांचा नियम. मी म्हणाले, "आई, मातीत गेलं की सगळं सारखंच."

"मातीत गेलं की तू आणि मीही सारख्याच," त्या म्हणाल्या. "पण तोवर मी सासू आहे."

मग त्यांनी स्वतःच तोड काढली, आणि ती ऐकून मलाही वाटलं, वा! देवाच्या अंघोळीचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून झाडाला घालतात, ही जुनी रीत. त्यांनी देवाची अंघोळच मोगऱ्यापाशी नेली. रोज सकाळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शाळुंका ताम्हणात बसून बागेत येत. तिथे पाटावर अभिषेक होई आणि ताम्हण तिथेच आळ्यात रिकामं होई. पळी-पळीने सुरू झालेलं पाणी दोन दिवसांत तांब्यावर गेलं. सोमवारी आणि गुरुवारी पंचामृत. साखर रेशनवर, म्हणून मध आणि गूळ जरा जास्त. वर केळ कुस्करून. लेकीसाठी चाललेलं, तेव्हा हात आखडता कशाला?

देवांना इतकी लांब अंघोळ कधी लाभली नसेल. आणि मुंग्यांनाही असं जेवण.

लाल मुंग्या. आधी एक रांग आली, मग चहूबाजूंनी आल्या. मोगऱ्याच्या बुंध्याशी त्यांनी वारूळ घातलं, माती भुसभुशीत करून मुळं उघडी पाडली. गूळ-दुधाचा थर सुकून वर पापुद्रा धरला होता, त्याखालून त्या निवांत ये-जा करत. एका सोमवारी सासूबाईंनी शाळुंका उचलायला हात घातला आणि कळवळून मागे घेतला. बोटं टम्म सुजली. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "प्रसाद सर्वांना मिळाला म्हणायचा."

"तुम्ही पेरूशी बोला," सासूबाईंनी फटकारलं.

अभिषेक पुन्हा देवघरात गेला. सासूबाईंनी मोगऱ्याभोवती हळदीचं कडं घातलं, वर राख टाकली, आणि "मुंग्या जाईपर्यंत तिथे पाण्याचा थेंब नको" असं सांगितलं. ओलाव्यानेच त्या येतात अशी त्यांची समजूत. अख्खा फाल्गुन मोगऱ्याला पाणी नाही. शिमगा झाला आणि पानं पिवळी पडायला लागली. पाडव्याच्या सुमाराला मुंग्या वर दिसेनाशा झाल्या, पण मोगऱ्याच्याही नुसत्या काटक्या उरल्या.

कल्याणला काही कळवायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. नणंदेची पत्रं येत. प्रकृती बरी आहे, उलट्या थांबल्या, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: मोगरा कसा आहे? पत्र वाचून हे त्याची घडी घालत आणि माझ्याकडे बघत. सासूबाई देवापुढे जास्त वेळ बसू लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "दादरची फुलं आणू गं. पोरीला काय कळणार आहे?" पण तिला कळणार होतं, आणि तिने मनाशी काय धरलं आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी मी मोगऱ्याशी जाऊन बसले आणि एका काटकीची साल नखाने खरवडली. आत हिरवं! दुसरी खरवडली. हिरवी! बुंध्यापर्यंत खरवडत गेले. सगळीकडे ओलं, हिरवं, जिवंत. माझं माहेर वसईकडचं. आमच्याकडे बागायतीत मोगऱ्याला मुद्दाम ताण देतात. पाणी तोडतात, पानं झडू देतात, आणि मग एकदम भरपूर पाणी सोडतात. ताण बसलेल्या झाडाला कळ्या येतात, रोज थोडंथोडं पाणी प्यायलेल्या झाडाला नुसती पानं. म्हणजे आमचं झाड मेलं नव्हतं. मुंग्यांच्या निमित्ताने त्याला नेमका ताण मिळाला होता. उशिरा मिळाला होता, पण मिळाला होता!

मी धावतच स्वयंपाकघरात गेले. "आई, मोगरा जिवंत आहे. त्याला एकदा, एका दिवसात, पोटभर पाणी पाहिजे. मग बघा."

"कोणी सांगितलं?"

"माहेरी बघितलंय."

"माहेरी काय, सगळंच बघितलेलं असतं." पण त्या उठून आल्या, काटकी पाहिली, आपलं सूज उतरलेलं बोट तिच्यावरून फिरवलं. "पोटभर म्हणजे किती?"

"आळं भरून जिरेल, पुन्हा भरेल, पुन्हा जिरेल इतकं."

"आणि तेवढं सोवळ्यातलं पाणी आणायचं कुठून? नळाचं घातलं तर नळ जाईल. विहीर खारट. शेजारी पिण्याला कळशी देतील, झाडाला कोण देणार?"

प्रश्न बरोबर होता. मी रात्रभर नाही, पण पोळ्या लाटून होईपर्यंत विचार केला. चैत्र चालू होता. घरात चैत्रगौर झोपाळ्यावर बसली होती. हळदीकुंकू अजून व्हायचं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीचे पाय धुवायचे, हा आमच्याकडे रिवाज. आणि सवाष्णीच्या पायांवरून आलेलं पाणी?

मी लाटणं खाली ठेवलं. "आई, गौरीच्या दिवशी सवाष्ण म्हणजे कोण?"

"गौरच की."

"मग तिचे पाय धुतलेलं पाणी देवाच्या झाडाला चालेल?"

सासूबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग हसायलाच लागल्या. "अगं कार्टे! पण पाय धुवायला तरी पाणी कुठे आहे?"

"ज्याने त्याने आपापलं आणायचं."

सासूबाई एकदम गंभीर झाल्या. हळदीकुंकवाला बोलावून पाणी आणायला सांगायचं? लोक काय म्हणतील? त्या मामंजींना विचारायला गेल्या. मामंजींनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि निकाल दिला, "दवंडी मी ऐकलेली आहे. तीत पाय धुण्याला बंदी नव्हती."

मी करंडा घेऊन बोलावण्यांना निघाले. दारोदार कुंकू लावायचं आणि सांगायचं, "शुक्रवारी संध्याकाळी गौरीच्या हळदीकुंकवाला या, आणि येताना कळशीभर पाणी आणा. तुमचेच पाय धुवू आणि ते पाणी मोगऱ्याला जाईल. नणंदेच्या वाडीसाठी हवा आहे." लपवाछपवी काही ठेवली नाही. पहिल्या दारात पायरीवरच घुटमळले, तिसऱ्या दारापर्यंत मजा यायला लागली.

"अगंबाई, ओटी भरायची की विहीर?" समोरच्या काकू म्हणाल्या.

"पाणी आमचं, पाय आमचे, मग तुमचं काय हो?" दुसरी.

"आंबेडाळ," मी म्हणाले.

"पन्ह्याचं पाणी पण आम्हीच आणायचं का?"

"आणलंत तर गोड जास्त घालीन."

मागच्या आळीत जुनं आगरी कुटुंब होतं, मिठागरं असलेलं. त्यांच्या आवारातली विहीर उंचावर, गोड्या पाण्याची, आणि त्याही उन्हाळ्यात टिकून होती. तिथल्या सूनबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला. "कलशी काय आनाची, हंडा आनतंय. पर तुमचे सासूला चालंल का?"

मी घरी येऊन तसंच विचारलं. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. सोवळ्याओवळ्याच्या त्यांच्या रेषा मला पाठ होत्या, आणि ही त्यांतली जाड रेष होती. मग म्हणाल्या, "सवाष्ण आहे ना? मग गौर घराशी येताना पाणी घेऊन येते आहे. मी कोण नाही म्हणणारी?"

शुक्रवारी मी मोगऱ्याचं आळं रुंद आणि खोल केलं. उकरलेली माती बुंध्याशी ओढून उघडी मुळं झाकली. आळ्यावर लाकडी फळी आडवी टाकली, तिच्यावर पाट. फळीपासून ओसरीपर्यंत केळीची पानं अंथरली. संध्याकाळ कलली आणि फाटक वाजायला लागलं. मी बघतच राहिले. ठेवणीतल्या नऊवाऱ्या, गळ्यात सगळं सोनं, नाकात नथ आणि कडेवर कळशी! कोणी तांब्या आणला होता, कोणी पितळी घागर लखलखीत घासून आणली होती. आगरी सूनबाई डोक्यावर हंडा घेऊन आल्या, एक हातही न लावता, आणि सगळ्या वाटेवरून बाजूला झाल्या. एका आजींनी आचमनाएवढं पाणी आणलं होतं. "घरात तेवढंच होतं गं," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी ते सगळ्यांत आधी घेतलं.

एकेक जण पाटावर बसे. मी पाय धूत असे, सासूबाई पुसून हळदीकुंकू लावत. आळ्यात पाणी साठायला लागलं तसं वारूळ फुटलं आणि मुंग्या वर आल्या.

"अगं मुंग्या! मुंग्या!"

"पाय वर घ्या, पाय वर घ्या!"

"मी वर घेतले तर धुणार कसे?"

जी बसेल ती पाय झाडून किंचाळायची, बाकीच्या हसून ओसरीला टेकायच्या. मामंजी आणि हे घरात दार लावून बसले होते, तरी आतून हसल्याचं ऐकू येत होतं. आळं भरलं, जिरलं. पुन्हा भरलं. हंड्याचं पाणी शेवटी ओतलं ते वरच राहिलं, मातीने प्यायचं थांबवलं. मी हात पुसायचेही विसरले. "पोट भरलं! पोट भरलं!" असं ओरडले म्हणे मी. मला आठवत नाही, पण ते मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवण्यात आलं.

ओल टिकावी म्हणून मी बुंध्याशी नारळाच्या काथ्याची सोडणं रचली. आठवडाभराने काटक्यांवरचे डोळे फुगले. मग पालवी. रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघी तिथे. सासूबाईंना जवळचं दिसत नसे, त्या म्हणत, "काय दिसतंय? सांग, काय दिसतंय?" मी सांगे, "पान." "पानच?" "पानच." आणि वैशाख निम्मा झाला तेव्हा एका सकाळी मी सांगितलं, "आई, ते पान नाही." त्या तिथेच मातीत बसल्या.

कळ्या आल्या त्या घोसांनी आल्या. फांद्या वाकल्या. पण डोहाळजेवणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बऱ्याच कळ्या हिरव्या, आवळलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या, उमलायच्या बेतात. आम्ही आणि शेजारच्या बायकांनी मिळून सगळ्या खुडल्या. परातीत ओल्या फडक्याखाली ठेवल्या आणि माजघरात बसून भराभर ओवायला घेतल्या.

तेवढ्यात कल्याणची मंडळी आली. ओवता ओवता मी खिडकीतून बघितलं. नणंद घरात शिरलीच नाही. सातव्या महिन्याचं पोट सावरत ती सरळ बागेत गेली आणि मोगऱ्यापुढे उभी राहिली. हिरवं गच्च झाड, आणि त्याच्यावर एक फूल नाही, एक कळी नाही. सगळं आम्ही खुडलेलं! तिचा चेहरा पडला, हात पोटाकडे गेला.

मी अर्धी वेणी हातात घेऊनच पळाले. "वन्सं, आत या! आधी आत या!"

"वहिनी, फुललाच नाही..."

"आत या म्हणते ना!"

माजघरात सासूबाईंनी परातीवरचं फडकं ओढलं. कळ्यांना संध्याकाळ लागली होती, तोंडं उघडायला लागली होती. खोलीत असा काही वास दाटला की मागे उभ्या असलेल्या तिच्या सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"हे दादरचं नाही," त्या म्हणाल्या.

"पाय धुवून या," माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मग कुठलं ते सांगते."

नणंदेने ओंजळ भरून कळ्या घेतल्या आणि तोंडाला लावल्या. मग रडली, आणि रडता रडता हसली, आणि आम्ही तिला पाटावर बसवून सजवायला घेतलं. डोक्यात वेणी, दंडात बाजूबंद, गळ्यात हार. बायकांनी डोहाळ्याचं गाणं धरलं. शेवटी मी फडक्यातून ओलागार कंबरपट्टा काढून तिच्या पोटावरून मागे नेला आणि गाठ मारली.

ती एकदम ताठ बसली. गाणं थांबलं. सासूबाईंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"काय गं? काय होतंय?"

"हललं," ती म्हणाली. डोळे एवढे मोठे झाले होते. "लाथ मारली! गार लागलं त्याला!"

"बघू, बघू!" म्हणत तिच्या सासूबाई सगळ्यांना सारून पुढे आल्या आणि फुलांवरून हात ठेवून बसल्या. त्यांच्या मागे माझ्या सासूबाई, मग काकू, मग आगरी सूनबाई, सगळ्यांचे हात. आत पुन्हा हललं आणि सगळ्या एकदम ओरडल्या.

"अगं, पट्टा घट्ट झाला असेल," सासूबाई मला म्हणाल्या. "सैल कर, सैल कर. जागा दे त्याला."

मी मागे बसून गाठ सोडली, चार बोटं सैल केली आणि पुन्हा मारली.